प्रवास, निवृत्ती आणि जगायला जाणे

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार अभ्यासताना आपण बहुधा लेखकाने काय पाहिले याकडे लक्ष देतो. तो कोणत्या कारणाने घराबाहेर पडला, त्याच्या खर्चाची सोय कशी झाली, त्याच्याजवळ किती वेळ होता, हे प्रश्न मागे राहतात. पंडिता रमाबाईंचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' १८८९ साली प्रसिद्ध झाले आणि पु. ल. देशपांडे यांचे 'अपूर्वाई' १९६० साली. दोन्ही पुस्तके 'प्रवास' याच सदरात मोडतात. पण निघण्याचे कारण वेगळे असल्यामुळे दोघांची नजरही वेगळी आहे. या लेखात मी माझ्या एका प्रवासाविषयी लिहिणार आहे. तो युरोपातला आहे, आगगाडीचा आहे आणि निवृत्तीच्या निमित्ताने घडलेला आहे. भाषाविज्ञान हा माझा विषय असल्याने स्थळांपेक्षा शब्दांविषयी मी अधिक बोलेन, हे आधीच सांगून ठेवते.

माझी नोकरी जव्हारला. पालघर जिल्ह्यातले जव्हार आणि मोखाडा हे शेजारचे दोन डोंगराळ तालुके. दोन्हींत रेल्वे नाही. पश्चिमेला डहाणू-पालघरची लोहमार्गरेषा आणि दक्षिणेला कसारा-इगतपुरीची, यांच्या मधल्या उंचवट्यावर आम्ही राहतो. इथे 'गाडी' म्हणजे एसटी. जुनी माणसे तिला 'यष्टी' म्हणतात. आगगाडी पाहायची तर खोडाळ्यावरून घाट उतरून कसाऱ्याला जायचे. माझे यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. मोखाडा तालुक्यातल्या पाड्यांवर त्यांची बहुतेक नोकरी गेली आणि नियमानुसार अठ्ठावन्नाव्या वर्षी ते निवृत्त झाले. मला अजून तीन वर्षे आहेत.

निवृत्ती या शब्दाविषयी

'वृत्' म्हणजे वळणे, वर्तणे. त्याला 'प्र' लागला की प्रवृत्ती आणि 'नि' लागला की निवृत्ती, म्हणजे मागे फिरणे, परतणे. नोकरीच्या समाप्तीला हा शब्द आपण सरकारी कागदांतून स्वीकारला; पण आमच्या भागात तो कागदापुरता नाही. जव्हारहून मोखाड्यामार्गे नाशिकला जाणारी एसटी त्र्यंबकेश्वरावरून जाते आणि तिथे निवृत्तीनाथांची समाधी आहे. पौष वद्य एकादशीला त्यांची यात्रा भरते, तेव्हा आमच्या रस्त्यावरून दिंड्या चालत जातात. ज्ञानेश्वरांचे वडीलबंधू आणि गुरू असलेल्या या पुरुषाचे नाव निवृत्ती असावे आणि त्यांच्या नावाने दरवर्षी माणसांनी घर सोडून चालू लागावे, ही गोष्ट मला नेहमी विचारात पाडते.

यजमानांच्या निवृत्तीचे पहिले वर्ष मात्र कठीण गेले. पहाटे पाचला त्यांना जाग येई. अंघोळ करून, कपडे घालून ते ओट्यावर बसत आणि मग कुठेही जायचे नाही हे लक्षात आल्यासारखे पुन्हा आत येत. बोलणे कमी झाले. शिक्षकाचे दिवसभराचे बोलणे मुलांशी असते; ते थांबले की घरच्यांशी बोलायचे विषय नव्याने शोधावे लागतात. युरोपची कल्पना त्यांची. इतिहास-भूगोल शिकवताना नकाशावर पट्टीने दाखवलेली नावे एकदा पाहावीत, आणि तीही रेल्वेतून, असे ते एका रात्री जेवताना म्हणाले.

उपदानाची रक्कम हाती होती. नातेवाइकांचे म्हणणे, घराचे पत्रे काढून स्लॅब घालावा. मोठ्या नणंदबाई म्हणाल्या, "काशी-रामेश्वर कराल तर आम्हीही बरोबर येऊ." दोन्ही सूचना व्यवहाराला धरून होत्या. मलाही एक प्रश्न छळत होता. ज्या तालुक्यांची नावे वर्तमानपत्रात कुपोषण आणि पाणीटंचाई यांच्या बातम्यांतच दिसतात, तिथे राहून काही लाख रुपये फिरण्यावर घालवावेत का? त्याचे पूर्ण उत्तर मला निघण्यापूर्वी सापडले नव्हते. यजमानांचे गुडघे मात्र वाट पाहणारे नव्हते, म्हणून आम्ही मे महिन्याच्या सुट्टीत अठरा दिवसांसाठी निघालो.

पासाची व्यवस्था

मराठी माणसाने पाहिलेला युरोप बहुधा सहलकंपनीच्या बसमधला असतो. त्यात जेवणाची आणि भाषेची काळजी नसते, हा मोठा गुण आहे. आम्ही रेल्वे निवडली, कारण आम्हाला तिथल्या माणसांत बसायचे होते. युरोपाबाहेर राहणाऱ्यांसाठी 'युरेल' नावाचा पास १९५९ पासून मिळतो. आज तो तेहेतीस देशांत चालतो. आम्ही घेतलेल्या प्रकारात एका महिन्याच्या आत कोणतेही सात प्रवास-दिवस निवडता येत होते. निवडलेल्या दिवशी मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत कितीही गाड्यांत बसावे. अतिवेगवान गाड्यांना आरक्षणाचे वेगळे पैसे पडतात. साध्या प्रादेशिक गाड्यांना बहुतेक ठिकाणी आरक्षण लागतच नाही. साठ वर्षांवरील प्रवाशाला पासात दहा टक्के सवलत असते. यजमानांना ती मिळाली, मला नाही. प्रवासी व्हिसावर नव्वद दिवसांपर्यंत राहता येते, पण काम करता येत नाही, हे अर्ज भरताना वाचले आणि सोडून दिले. ते वाक्य पुढे मला पुन्हा आठवायचे होते.

साध्या गाड्यांनी हळू जायचे, असे ठरवले. त्यामुळे शहरे कमी झाली, पण ऐकायला भरपूर मिळाले.

एकाच गाडीत तीन भाषा

बेल्जियममध्ये समुद्रकाठच्या ओस्टेंडहून निघून पूर्वेच्या ऑयपेनपर्यंत जाणारी एक गाडी आहे. काही तासांत ती हा छोटा देश आडवा ओलांडते. निघताना डब्यातील उद्घोषणा डच भाषेत होती. ब्रुसेल्स हे द्विभाषक शहर. तिथे डच आणि फ्रेंच दोन्ही ऐकू आल्या. लुव्हेनला पुन्हा डच एकटीच. पुढे लिएजच्या आधी कुठेतरी, बाहेरच्या शेतांत काहीही बदललेले दिसत नसताना, डच थांबली आणि फ्रेंच सुरू झाली. शेवटचे ऑयपेन जर्मनभाषक. लिएज या एकाच शहराला फ्रेंचमध्ये लिएज, डचमध्ये लॉइक आणि जर्मनमध्ये ल्युटिश म्हणतात. ज्याला हे ठाऊक नाही, तो प्रवासी पाटीवर आपले गाव शोधत बसेल.

ही भाषासीमा १९६२ साली कायद्याने आखली गेली. १९६८ साली याच भाषावादातून लुव्हेनचे जुने विद्यापीठ दुभंगले आणि फ्रेंच शाखेसाठी नवे गाव वसवावे लागले. आपल्याला हे परके वाटू नये. १ मे १९६० रोजी भाषेच्या पायावरच महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्ये झाली. आमच्या जिल्ह्यात घोलवड हे राज्याच्या सीमेजवळचे स्थानक. पुढे उंबरगाव रोडला पाटीवर गुजराती येते. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर स्थानकात तर राज्यसीमा फलाटावरूनच जाते. एक भाग महाराष्ट्रात, दुसरा गुजरातेत, आणि उद्घोषणा मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी अशा चार भाषांत.

पण विद्यार्थी मित्रहो, एक फरक लक्षात घ्या. सीमा कायद्याने आखता येते. बोली मात्र हळूहळू बदलत जातात. एका गावची बोली शेजारच्या गावाला कळते, त्याची पुढच्या गावाला कळते, आणि दोन टोकांची माणसे भेटली की एकमेकांचे बोलणे कळत नाही. याला आपण बोलींचे सातत्य म्हणतो. डहाणू, विक्रमगड, जव्हार, मोखाडा, त्र्यंबक या रस्त्याने एसटीत बसून नुसते ऐकत गेलात, तरी हे सातत्य तुम्हाला प्रत्यक्ष अनुभवता येईल. वारली, कोकणा, कातकरी, महादेव कोळी, ठाकर यांच्या बोली आणि बाजारातली मराठी एकमेकींत मिसळत-बदलत जातात. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०५ सालच्या सातव्या खंडात वारलीची नोंद मराठीच्या अंतर्गत झाली आहे. वारली बोलणारी माणसे महाराष्ट्रात आहेत, तशी गुजरातेतही आहेत आणि दादरा-नगर हवेलीतही. तिथे मुलाच्या शाळेची भाषा गुजराती असते, इथे मराठी. घरची भाषा एकच असूनही मुलांच्या लिप्या दोन होतात.

दोन नावांची पाटी

स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडेन या परगण्यात जर्मन, इटालियन आणि रोमान्श अशा तीन अधिकृत भाषा आहेत. रोमान्श ही लॅटिनपासून निघालेली, डोंगराच्या खोऱ्यांत टिकून राहिलेली भाषा. ती बोलणारे सुमारे साठ हजार, म्हणजे देशाच्या लोकसंख्येत शंभरात एकही नाही. तरीही १९३८ साली स्विस जनतेने मतदान करून तिला राष्ट्रीय भाषांत स्थान दिले. तिथल्या रेल्वेच्या डब्यांवर कंपनीचे नाव तिन्ही भाषांत लिहिलेले असते.

खूर शहरातून ऱ्हाईन नदीच्या काठाने वर चढत जाणारी गाडी ज्या गावी थांबते, त्याच्या पाटीवर 'डिसेन्टिस' हे जर्मन आणि 'मुश्टेर' हे रोमान्श अशी दोन नावे, मध्ये तिरकी रेघ देऊन, एका ओळीत लिहिलेली आहेत. मुश्टेर म्हणजे मठ. गावात खरोखरच जुना ख्रिस्ती मठ आहे. आम्ही उतरलो. यजमान पाटीसमोर बराच वेळ उभे राहिले. मला वाटले गुडघा धरला असेल. मग ते म्हणाले, "अगं, आपला तक्ता आठवतो तुला?"

मला आठवत होता. मोखाड्याच्या एका पाड्यावर असताना त्यांनी पहिलीच्या वर्गात भिंतीवर एक तक्ता लावला होता. डावीकडे मुलांच्या घरचा शब्द, उजवीकडे पुस्तकातला. 'आयस' आणि 'आई' अशा जोड्या. घरचा शब्द मुले आधी वाचत, म्हणून पुस्तकातल्या शब्दाची भीती जात असे. एका तपासणीच्या वेळी एका अधिकाऱ्यांनी तो उतरवायला सांगितला. मुलांचे मराठी अशुद्ध होईल, असे त्यांचे म्हणणे पडले. यजमानांनी तक्ता काढला, घरी आणला आणि कपाटावर ठेवला. त्याविषयी ते पुन्हा कधी बोलले नव्हते.

"साठ हजार लोक आहेत म्हणालीस ना तू?" त्यांनी विचारले. "आपले वारली तर कितीतरी लाख आहेत." पुढे ते काही बोलले नाहीत. स्थानकावरच्या बाकावर बसून आम्ही बरोबर आणलेले थेपले खाल्ले आणि परतीच्या गाडीची वाट पाहिली.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगायला हवी. युरोपात सारे सुरळीत आहे असा समज तुम्ही करून घेऊ नये. रोमान्शची लेखी रूपे पाच आहेत. १९८२ साली हाइन्रिश श्मिड या भाषाशास्त्रज्ञाने त्यांतून एक समान प्रमाणरूप रचले. कार्यालयांना ते सोयीचे झाले; पण शाळांतून ते शिकवायला लागताच पालक रागावले. ही आमच्या आजीची भाषा नाही, ही त्यांची तक्रार होती. अनेक गावांनी पुढे आपापल्या खोऱ्याची बोली शाळेत परत आणली. म्हणजे भाषा कितीही लहान असो, तिच्यातही प्रमाण आणि बोली हा झगडा असतोच. फरक एवढाच, की तिथे पालकांना विचारावे लागते. आपल्याकडे ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि आपण सर्वांनी आनंद मानला. त्या आनंदात डाव्या रकान्यातल्या शब्दांचा वाटा किती, हा प्रश्न मी माझ्या वर्गात विचारू लागले आहे.

घाटातली गाडी

शेवटच्या टप्प्यात आम्ही बर्निना मार्गाने इटलीत उतरलो. हा मार्ग १९१० साली पूर्ण झाला आणि २००८ पासून तो जागतिक वारशात आहे. २,२५३ मीटर उंचीवरच्या स्थानकावरून गाडी तिरानो या ४२९ मीटरवरच्या इटालियन गावी उतरते. आपला कसारा घाट आठवा. १८६५ साली खुल्या झालेल्या त्या घाटात चढ ३७ फुटांना एक फूट असा आहे आणि गाडीला मागून जादा इंजिने जोडावी लागतात. बर्निनाचा चढ कमाल सात टक्के, म्हणजे साधारण चौदा फुटांना एक फूट. तोही दातेरी रुळाशिवाय. खिडक्या मोठ्या केलेली पर्यटकांची गाडी वेगळी असते. आम्ही त्याच रुळांवरच्या साध्या गाडीत होतो.

संध्याकाळची वेळ होती. बर्फाचे डोंगर बाहेर होते, पण डब्यातल्या निम्म्या माणसांना ते पाहायचेच नव्हते. कामाचे बूट, पाठीवरच्या पिशव्या, चुन्याचे डाग पडलेल्या विजारी, मान खिडकीला टेकवून लागलेली झोप. ती इटलीतून रोज स्वित्झर्लंडमध्ये बांधकामावर आणि हॉटेलांत कामाला येणारी माणसे होती. सीमेपलीकडून कामाला येणाऱ्यांना इटालियन भाषेत स्वतंत्र शब्द आहे, 'फ्रोंतालिएरी'. यजमान हळूच म्हणाले, "आपल्या भिवंडीच्या गाडीत बसल्यासारखं वाटतंय."

प्रवासी कोण?

जून महिन्यात रविवारच्या संमंत्रण सत्रात मी या प्रवासाविषयी बोलले. वर्गात तुमच्यासारखेच, काम सांभाळून शिकणारे विद्यार्थी होते. बोलून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका तिशीतल्या विद्यार्थ्याने विचारले, "बाई, तिथं जगायला जाता येतं का?"

जव्हार-मोखाड्याबाहेरच्या वाचकांसाठी हा वाक्प्रचार समजावून सांगते. भात-नागलीची कापणी झाली, दिवाळी सरली, की आमच्या पाड्यांवरची कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याणकडे वीटभट्टीवर आणि बांधकामावर जातात. पाऊस तोंडावर आला की परततात. घराला कुलूप, कडेवर मूल, डोक्यावर भांडी. याला इथे स्थलांतर म्हणत नाहीत. 'जगायला जाणे' म्हणतात. आपले घर आहे तिथे वर्षभर जगता येत नाही, ही सारी हकीकत त्या एका क्रियापदात आहे. विचारणारा विद्यार्थी स्वतः दर वर्षी भट्टीवर जातो. पुस्तके पत्र्याच्या पेटीत घालून नेतो.

मी त्याला खरे ते सांगितले: आमच्या व्हिसावर काम करायला बंदी होती; कामासाठी वेगळा परवाना लागतो आणि तो मिळणे अवघड आहे. म्हणजे तिथल्या कायद्यानेही दोन शब्द वेगळे केले आहेत. पैसे खर्च करायला येणारा तो प्रवासी. मिळवायला येणारा तो कोणी दुसरा.

मग फळ्यावर आम्ही 'प्रवास' हा शब्द फोडला. प्र आणि वस्. वस् म्हणजे राहणे. 'वस्ती', 'निवास', 'वसतिगृह' हे सारे त्याच धातूचे. संस्कृतात प्रवास म्हणजे घरापासून दूर जाऊन राहणे. पती दूरदेशी गेला आहे अशा नायिकेला काव्यशास्त्रात 'प्रोषितभर्तृका' म्हणतात. त्यातला 'प्रोषित' याच धातूचे रूप. परदेशी स्थायिक झालेल्यांसाठी २००३ पासून ९ जानेवारीला 'प्रवासी भारतीय दिवस' पाळतात, त्यातही हाच जुना अर्थ आहे. फिरून येणे, प्रेक्षणीय स्थळे पाहणे, हा अर्थ शब्दाला नंतर चिकटला. जुना अर्थ धरला, तर अठरा दिवसांत परतलेली मी प्रवासी ठरत नाही. निम्मे वर्ष भट्टीवर काढणारा तो विद्यार्थी आणि त्याची वाट पाहणारी त्याची आई, यांच्याकडे तो शब्द अधिक रीतीने जातो. आणि निवृत्ती? तिला तर सेवापुस्तिका लागते. भट्टीवरच्या माणसाला ती कोणत्याही वयात मिळत नाही.

निघण्यापूर्वीचा माझा प्रश्न होता, आपण हा खर्च करावा का? आज माझे उत्तर असे आहे. यजमानांनी चौतीस वर्षे काम केले. तो पैसा त्यांचा होता आणि ते अठरा दिवस त्यांना हवे होते. त्याबद्दल मला संकोच नाही. मात्र आपला प्रवास सांगताना दुसऱ्याचे 'जगायला जाणे' त्या शब्दाबाहेर ठेवले, तर ते भाषेच्या दृष्टीने चूक आहे आणि माणुसकीच्या दृष्टीनेही. यजमानांनी कपाटावरचा तक्ता खाली काढला आहे. आता ते पाड्यावरच्या दोन शिक्षकांबरोबर बसून त्यात भर घालतात. परवा डाव्या रकान्यात शेतीच्या अवजारांचे शब्द सुरू झाले. पहाटे पाचला उठतात ते आता त्या कामासाठी.

तुम्हाला एक काम सुचवते. तुमच्या घरातून कोणी कामासाठी, लग्नासाठी, शिक्षणासाठी किंवा रोजगार संपला म्हणून बाहेर पडले असेल. त्यांना जवळ बसवून विचारा: निघताना काय बरोबर घेतले, वाटेत कोणती भाषा कानावर पडली, तिथे गेल्यावर कोणता शब्द पहिल्यांदा शिकावा लागला आणि परतताना कोणता बरोबर आणला. त्यांचे शब्द त्यांच्याच बोलीत लिहून घ्या. शुद्ध करू नका. दोन पाने पुरेत. त्या लेखनाला 'प्रवासवर्णन' असे शीर्षक द्यायला कचरू नका. शब्दाचा मूळ अर्थ तुमच्या बाजूने आहे.